ठाणे-नवी मुंबईत चौदा जणांना जेवायला कुठे न्यावं? गजबज हवी आणि गप्पाही व्हायला हव्यात

मासुंदा
नमस्कार मंडळी,
जानेवारीत आमचा शाळेचा ग्रुप भेटतोय. चौदा जण नक्की आहेत, निम्मे ठाण्यातले (नौपाडा, पाचपाखाडी, दोघं घोडबंदरला) आणि बाकीचे ऐरोली, वाशी, नेरूळ, एकजण तर पार खारघरवरून येणार. शनिवारची रात्र ठरलीय, हॉटेल ठरत नाहीये. घरी करू, कोणाच्या तरी सोसायटीच्या टेरेसवर केटरर बोलवू, येऊरला बंगला घेऊ असं सगळं बोलून झालं पण मला मनापासून हॉटेलच हवंय आणि तेही भरलेलं, आवाज असलेलं. घरी केलं की जिच्याकडे असतं ती पूर्ण वेळ ओट्यापाशी आणि आम्ही हॉलमध्ये, मग निघताना चपला घालता घालता तिच्याशी काय ते बोलायचं, हे मला नकोय. हॉटेलात कसं सगळेच बसलेले असतात, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालू असतो, वेटर धुराचा सिझलर घेऊन जातो आणि अख्खं हॉटेल वळून बघतं, तेवढ्यात आपले कबाब येतात आणि चालू असलेलं भांडण तसंच अर्धवट टाकून सगळे हात पुढे करतात. ती मजा हवीय.

आता अडचणी. एक मैत्रीण जैन आहे, कांदा-लसूण-बटाटा काहीच नाही. दोघं शनिवार पाळतात. चारजण असे की मासे-मटण नसेल तर त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही. काही घेणारे, बरेच न घेणारे. एकीला कानाचं मशीन लागलंय, मागच्या भेटीत ती लवकर उठून गेली आणि नंतर फोनवर म्हणाली की मला काही ऐकूच येत नव्हतं गं, सगळे हसले की मी पण हसत होते. आणि एकाची नोकरी गेलीय, तो तोंडाने सांगणार नाही पण खर्च वाढला तर काहीतरी कारण काढून यायचंच टाळेल, इतकं मी त्याला ओळखते. मला हे सगळेच्या सगळे एका ठिकाणी हवेत. सुचवा प्लीज.

सेक्टर१७
ताई, डोळे झाकून वाशी. ठाण्याच्या मंडळींनी गाड्या काढूच नयेत, ट्रान्सहार्बर लोकलच्या प्लॅटफॉर्मवर भेटायचं आणि एकाच डब्यात चढायचं, गप्पा तिथूनच सुरू. ऐरोलीवाले मध्ये चढतील. नेरूळ-खारघरवाल्यांना हार्बर थेट आहे. वाशी स्टेशनला उतरलात की सेक्टर १७ रिक्षाने पाच-सात मिनिटं, आणि तिथे एकाला लागून एक एवढी हॉटेलं आहेत की पंजाबी, साउथ, मालवणी, चायनीज, जे म्हणाल ते. फक्त चौदा जण असाल तर आधी फोन करून टेबल लिहूनच घ्या. शनिवारी साडेआठनंतर बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या लागलेल्या असतात आणि तो पोरगा वही घेऊन नावं पुकारत असतो, दोघातिघांचं टेबल लगेच सुटतं पण चौदाचं सुटायला तीन टेबलं एकदम उठावी लागतात, ती उठत नाहीत.

पातलीपाडा
घोडबंदरवाले दोघं आहेत म्हणताय म्हणून सुचवतो, हिरानंदानी इस्टेटला द वॉक आहे, बऱ्याच प्रकारची हॉटेलं एका ठिकाणी, आणि काही ठिकाणी बाहेरही बसता येतं, जानेवारीत मस्त वाटतं. पण खरं सांगायचं तर शनिवारी संध्याकाळी माजिवडा-कापूरबावडी पार करून खारघरच्या माणसाला इथे यायला मी सांगणार नाही. तुमच्या ग्रुपला वाशीच बरं.

ऐरोलीची आत्या
रविवार दुपार का नाही करत? दोघांच्या शनिवारचा प्रश्न आपोआप मिटेल, साडेबाराला गेलात तर हॉटेल मोकळं मिळतं, आणि घरी लहान मुलं, म्हातारी माणसं असणाऱ्यांना रात्रीपेक्षा दुपारी निघणं सोपं पडतं.

मासुंदा
आत्या, मीही हेच म्हटलं होतं पण दोघींना रविवारी ड्युटी असते. आणि शनिवारवाले म्हणाले आम्हाला शाकाहारी मिळालं की झालं, आमच्यासाठी दिवस बदलू नका.

नवी पालवी
अनलिमिटेड बार्बेक्यूवालं घ्या ना. टेबलातच शेगडी, व्हेज-नॉनव्हेज दोन्ही सळया येत राहतात, माणशी रेट ठरलेला असतो म्हणजे बजेटचा प्रश्नच नाही. आमच्या ऑफिसच्या सगळ्या पार्ट्या तिथेच होतात.

भट्टीसमोर
मी बरीच वर्षं हॉटेल लाइनमध्ये काढलीत, आधी वेटर मग कॅप्टन (म्हणजे ऑर्डर घेणारा, वेटरांच्या वरचा माणूस), ठाण्यात आणि वाशीत दोन्हीकडे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पालवी, बफे वाईट नाही, ऑफिसच्या ग्रुपला बेस्ट आहे. पण ताईंना गप्पा हव्यात. बफेत सारखे दोघं-तिघं उठलेले असतात, एक जण चाटच्या काउंटरला, दुसरा बिर्याणी आणायला, तिसरा कुल्फीच्या रांगेत, चौदातले चौदा एकावेळी टेबलाला बसलेत असं होतच नाही. वर दोन-अडीच तासांनी पुढची बॅच बसवायची असते म्हणून हळूहळू टेबल आवरायला घेतात. आणि जैन ताईंना तिथे सॅलड आणि फळांवर राहायची वेळ येऊ शकते, आधी विचारल्याशिवाय जाऊ नका.

आ ला कार्ट, म्हणजे मेनू बघून एकेक मागवायच्या जेवणात मोठ्या टेबलाचं जेवण कुठे बिघडतं ते सांगतो. चौदा जण मेनू उघडून बसतात, बराच वेळ कोणीच काही सांगत नाही, मग भूक लागली की सगळे एकदम बोलतात. कॅप्टन बिचारा लिहून घेतो आणि आत केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) जाते ती दहा-अकरा वेगवेगळ्या स्टार्टरची, प्रत्येकी एक प्लेट. आत काय होतं बघा, चायनीजची शेगडी वेगळी, करीची वेगळी, तंदूर वेगळा आणि तो बहुतेक ठिकाणी एक किंवा दोनच. शनिवारी रात्री तो तंदूर म्हणजे संध्याकाळचा ठाणे स्टेशनचा पूल. सगळ्या टेबलांचे टिक्के, कबाब, रोट्या, नान सगळं त्या एका तोंडातून बाहेर पडायचं असतं. मग चिली पनीर आलं, ते संपलं, तंगडी अजून भट्टीत, ज्यांनी तंगडी मागवली ते दुसऱ्यांच्या प्लेटकडे बघत बसलेत, तिकडे मुर्ग मलाई आलं ते गार होतंय कारण ज्याने मागवलं तो फोनवर बाहेर गेलाय. टेबलाचा मूड इथेच जातो.

त्यापेक्षा असं करा. ऑर्डर एका किंवा दोन माणसांनी द्यायची, बाकीच्यांनी फक्त काय खात नाही तेवढं त्यांना सांगायचं. स्टार्टर चार प्रकारचे, पण प्रत्येकाच्या तीन-तीन प्लेट. एकाच प्रकारच्या तीन प्लेट किचन एकदम काढतं, त्याला वेगळी मेहनत नाही, आणि टेबलाच्या तिन्ही भागांना एकाच वेळी गरम मिळतं. बसल्या बसल्या पहिल्या पाच मिनिटांत लवकर येणारं काहीतरी सांगून टाकायचं, मसाला पापड, चणा कोळीवाडा, क्रिस्पी व्हेज असं, म्हणजे तंदूरचं येईपर्यंत तोंड चालू राहतं. मेन कोर्स स्टार्टर अर्धे संपले की सांगायचा, पूर्ण संपल्यावर नाही.

रोट्या कधीही एकदम वीस मागवू नका. तंदूरच्या भिंतीला एका वेळी मोजक्याच लागतात, वीस आल्या तर पहिल्या आठ गार झालेल्या असतात आणि बटर गोठलेलं. पाच-पाच सांगत राहा, "रनिंगमध्ये ठेवा" म्हटलं की वेटरला बरोबर कळतं.

आणि एक, ग्रेव्ही. आपल्याकडच्या पंजाबी मेनूत शंभर नावं दिसतात पण पाठीमागे तीन-चारच ग्रेव्ही असतात. काजू-मगजची पांढरी, टोमॅटोची मखनी, कांद्याची ब्राऊन, बस. पनीर बटर मसाला, पनीर मखनी आणि व्हेज मखनवाला तिन्ही मागवलेत तर टेबलावर जवळपास सारख्याच रंगाचे तीन वाडगे येतील आणि मग सगळे म्हणणार की सगळ्याची चव एकच लागते. एक मखनीतलं, एक पांढऱ्यातलं, एक कोरडं (भेंडी, तवा व्हेज, जे असेल ते) आणि काळी डाळ. काळी डाळ चांगल्या ठिकाणी रात्रभर मंद आचेवर असते, ती गर्दीच्या रात्रीसुद्धा लगेच आणि चांगलीच मिळते. बिर्याणीचंही तसंच, दमाची हंडी आधीच लागलेली असते, बसल्यावर लगेच "आमच्या चार प्लेट बाजूला ठेवा" म्हणून सांगा.

सेक्टर१७
भट्टीसमोर दादा, कमाल पोस्ट. ते पाच-पाच रोट्यांचं आजपासूनच.

शांत कोपरा
मासुंदा, तुमच्या मैत्रिणीबद्दल लिहिते कारण मी स्वतः दोन्ही कानांना मशीन लावते.

मशीन सगळंच मोठं करतं, समोरच्याचं बोलणं आणि मागे पडलेली चमच्याची ट्रे सारख्याच जोराने येतात. नव्या मशीनमध्ये गर्दीसाठी वेगळी सेटिंग असते, ती समोरचा आवाज उचलते आणि बाकीचा कमी करते, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणून हॉटेल निवडताना मेनूच्या आधी छत आणि भिंती बघा. नुसत्या टाइल्स, काच आणि गुळगुळीत छत असेल तर आवाज आपटत राहतो, तिथे चांगल्या कानाची माणसंसुद्धा ओरडून बोलतात, आणि एक टेबल ओरडायला लागलं की शेजारचं त्याहून मोठ्याने. गादीच्या खुर्च्या, पडदे, लाकडी पार्टिशन असेल तिथे तेवढीच गर्दी असूनही बोलणं कळतं. गजबज असायला माझी काहीच हरकत नसते, उलट मला ती आवडते, घरात बसून कंटाळलेली असते मी. फक्त ती माझ्या पाठीमागे भिंत असताना हवी.

बसायची जागा तिला आधी निवडू द्या. पाठ भिंतीला, कोपरा मिळाला तर उत्तम, किचनचं दार आणि स्पीकर लांब, आणि समोरच्यांच्या तोंडावर उजेड. आम्ही ओठ बघूनही बरंच समजून घेतो, अंधारातल्या मेणबत्तीवाल्या हॉटेलात माझा अर्धा संवाद तिथेच जातो. चौदा जणांचं एक लांबलचक टेबल अजिबात नको, त्यात मधल्यांना दोन्ही टोकांचं ऐकू येत नाही आणि टोकांना कुणाचंच. दोन टेबलं सात-सातची, जमलं तर गोल, नाहीतर एल आकारात लावून घ्या आणि मेन कोर्सच्या आधी चार-पाच जणांनी जागा बदला, ती मात्र जागेवरच राहील. म्हणजे सगळे तिच्याजवळ येऊन जातात.

आणि विनोद झाला आणि तिने "काय?" विचारलं तर "जाऊ दे, काही नाही" असं कृपा करून कोणी म्हणू नका. परत सांगा. पूर्ण सांगा.

मासुंदा
शांत कोपरा ताई, हे वाचून मी ताबडतोब तिला फोन केला. बराच वेळ बोललो. ती म्हणाली कोपरा मिळाला तर शेवटपर्यंत बसेन. खूप खूप धन्यवाद.

पातलीपाडा
शांत कोपरा +१. माझे वडील हल्ली बाहेर जेवायला नको म्हणतात, आम्हाला वाटायचं तेलकट नको म्हणून. हे त्यांना विचारून बघायला हवं.

दिवाळेकर
मासे-मटण खाणारे चार आहेत त्यांच्याकडेही कोणीतरी बघा. मी बेलापूरच्या दिवाळे गावचा. नवी मुंबईत राहून माणसं मासे खायला मालवणी हॉटेल शोधतात, ते छानच असतं, पण या खाडीकाठची मूळची चव आगरी-कोळ्यांची आहे. तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचं कालवण, कोलंबी, ओले बोंबील, मिळाला तर जिताडा. आगरी जेवण देणारी छोटी हॉटेलं बेलापूर, नेरूळ, उरण फाटा, पनवेल भागात आहेत, बसायला साधी असतात पण शनिवारी मरणाची गर्दी. कालवणात नारळ कमी आणि घरचा मसाला जास्त, त्यामुळे मालवणीच्या अपेक्षेने गेलात तर वेगळं लागेल, पण भाकरीबरोबर खाऊन बघा. जानेवारी महिना आहे म्हणजे बोटी चालू असतात, मासळी ताजी मिळते. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते तेव्हा माशांचा बेत ठरवायचा तर आधी हॉटेलवाल्याला विचारून मगच.

जैन ताईंना मात्र तिथे काही मिळायचं नाही, म्हणून सगळ्या ग्रुपला तिकडे या म्हणणार नाही. पण वाशीत ज्या हॉटेलात जाल तिथे सुरमईचा तुकडा आणि बोंबील तवा फ्राय मिळतो का बघा, दोन प्लेट मागवल्या की तुमचे चार खूश. आणि थंडीतच कधीतरी पोपटीला बोलवा सगळ्यांना, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात लावून. जैन ताईंसाठी नुसत्या शेंगांचं वेगळं मडकं लावता येतं.

नवी पालवी
म्हणजे पंजाबी + चायनीज + मासे असं सगळं एकाच हॉटेलात? तसल्या ठिकाणी कशालाच धड चव नसते असं मला वाटतं. एका प्रकारचं चांगलं करणारं हॉटेल बघा.

सेक्टर१७
पालवी, मी तुझ्याशी अजिबात सहमत नाही. आपल्याकडचं मिक्स मेनूचं हॉटेल हीच एक स्वतंत्र जात आहे आणि ती मुंबईत घडलीय. मंच्युरियन चीनमधून आलं नाही, नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना चिकन मंच्युरियन केलं, आलं-लसूण-मिरची आपली, सोया सॉस तिकडचा. बटर चिकन गाजलं ते दिल्लीच्या दर्यागंजमधून, आणि ते पहिलं कोणी केलं यावरून २०२४ मध्ये दोन हॉटेलवाले दिल्ली हायकोर्टात गेले. व्हेज कोल्हापुरी कोल्हापुरातल्या घरात शोधत बसू नका, तिथे तांबडा-पांढरा. हे सगळं हॉटेलच्याच किचनात जन्माला आलेलं जेवण आहे, घरी तसं होत नाही, म्हणून तर आपण बाहेर जातो. आणि चौदा वेगवेगळ्या तोंडांना एकत्र बसवायचं असेल तर असंच हॉटेल लागतं. एका बाजूला बोंबील, एका बाजूला जैन पावभाजी, मध्ये नूडल्स, आणि कोणी कोणाला अडत नाही. मी तर म्हणेन की आपल्या भागातली निम्मी मैत्री या हॉटेलांनी टिकवलीय.

नवी पालवी
हे पटलं. कोल्हापुरीचं तर नक्कीच, माझं आजोळ तिथलं.

हिशोबनीस
बिलाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, चौदा जणांत खरी कुरबुर तिथे होते.

जेवणावर जीएसटी ५ टक्के, साध्या रेस्टॉरंटला. (मोठ्या स्टार हॉटेलातल्या रेस्टॉरंटला, जिथे खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर आहे, तिथे १८.) दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून ती बिलात वेगळी दिसते. बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस चार्जही लावून टाकतात, ५ ते १० टक्के. तो सरकारी कर नाही, हॉटेलचा आहे आणि तो आपोआप बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या, हॉटेल संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या सूचना कायम ठेवल्या. शांतपणे काढायला सांगा, बहुतेक काढतात. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दहा टक्के लावला तर चौदा जणांच्या बिलात ही रक्कम एका माणसाच्या जेवणाच्याही वर जाते.

पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. छापील किमतीपेक्षा जास्त लावलं म्हणून लोक वाद घालतात पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की हॉटेलात बसून प्यायच्या बाटलीला एमआरपीचं बंधन नाही. बाटली नको असेल तर बसतानाच "साधं पाणी द्या" म्हणायचं, वेटर आपणहून टेबलावर बाटल्या फोडायच्या आत.

आता तुमच्या मित्राचं. शेवटी बिल आलं की भागिले चौदा, ही पद्धत अशा वेळी नको. ज्याने डाळ-रोटी खाल्ली आणि लिंबू सोडा प्यायला त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या चार पेगचे पैसे येतात आणि तो मैत्रीखातर गप्प बसतो, मनात मात्र राहतं. दारूचं बिल पहिल्यापासून वेगळं करायला सांगा, ते घेणारे आपापसात बघतील. जेवणाची कॉन्ट्री आधीच ठरवा आणि ग्रुपवर आकडा टाका, एवढे माणशी, यापेक्षा जास्त नाही. आकडा आधी कळला की ज्याला विचार करायचाय तो घरी बसून करतो, टेबलावर सगळ्यांसमोर नाही. आणि तो आकडा तुमच्या त्या मित्राला झेपेल असाच ठेवा, बाकीच्यांना कमी पडला तर ते आपलं जास्तीचं वेगळ्या केओटीवर मागवतील.

ऐरोलीची आत्या
हिशोबनीस, फार बरोबर लिहिलंत. आमच्या भिशीच्या ग्रुपमध्ये एक बाई यायच्या बंद झाल्या त्या याच कारणामुळे, आणि आम्हाला ते खूप उशिरा दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

मासुंदा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देते. मी आणि नेरूळची मैत्रीण काल, म्हणजे शनिवारी रात्रीच, मुद्दाम गर्दीच्या वेळी वाशीत तीन हॉटेलं बघून आलो. पहिलं दिसायला एकदम चकाचक, सगळी काच आणि मार्बल, आम्ही दोघी समोरासमोर बसून एकमेकींना "काय? काय?" करत होतो, तिथूनच परत फिरलो. दुसऱ्यात चौदा जणांना एका ओळीतच बसवतो म्हणाले. तिसरं थोडं जुनं आहे, खाली भरपूर कल्ला, वर पोटमाळ्यासारखा मजला, तिथे कठड्यावरून खालचं सगळं हॉटेल दिसतं, आवाज वर येतो पण अंगावर येत नाही. जाड पडदे आहेत, गादीचे सोफे आहेत, आणि डाव्या कोपऱ्यात दोन टेबलं एल करून देतो म्हणाला मॅनेजर. सुरमई आणि बोंबील दोन्ही मेनूवर आहेत. साडेसातची वेळ घेतलीय. कॉन्ट्रीचा आकडा हिशोबनीसांनी सांगितल्याप्रमाणे कमीच ठेवून ग्रुपवर टाकला आणि पहिला अंगठा त्याच मित्राचा आला!

आता फक्त जैनचं आणि टिपचं सांगा. मॅनेजर म्हणाला "जैन मिळेल", पण म्हणजे नेमकं काय मिळेल? आणि सर्व्हिस चार्ज काढायला लावला तर वेटर लोकांचं काय, ते मला बरं वाटत नाही.

भट्टीसमोर
ताई, जागा छान निवडलीत, वरच्या मजल्यावर वेटरला जिने चढावे लागतात म्हणून रोट्यांचं रनिंग तेवढं आठवणीने सांगा.

जैनचं असं आहे की "मिळेल" सगळेच म्हणतात. तयार ग्रेव्ही बहुतेक कांदा-लसणाच्याच असतात, त्यामुळे जैन करायचं म्हणजे टोमॅटो-काजूची ग्रेव्ही वेगळी काढावी लागते, आणि गर्दीत ती एका प्लेटसाठी कोणी मनावर घेत नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करा आणि मॅनेजरला नाही, कॅप्टनला सांगा, एक जैन पनीर, एक जैन डाळ फ्राय, अशी नावं घेऊनच सांगा. काळी डाळ जैन समजू नका, तिच्यात लसूण असतं. स्टार्टरमध्ये पनीर टिक्क्याच्या मॅरिनेशनमध्ये आलं-लसूण सकाळीच लागलेलं असतं, ते नंतर काढता येत नाही, त्यापेक्षा जैन कॉर्न किंवा ताजं कापून तव्यावर केलेलं पनीर सांगा. आणि मिक्स हॉटेलात त्याच तंदूरमध्ये चिकनच्या सळया जातात. त्या ताईंना ते चालतं का आधी विचारा, नाही चालत तर तव्यावरची चपाती किंवा फुलका सांगून ठेवा. बसल्यावर पहिली केओटी त्यांचीच जाऊ द्या, सगळ्यात जास्त वेळ त्याला लागतो, नाहीतर सगळ्यांचं होत आलं की त्यांचं येतं आणि बाकीचे तेरा जण त्यांच्याकडे बघत बसतात, कोणालाही तसं जेवायला आवडत नाही.

टिपबद्दल विचारलंत, बरं वाटलं. सर्व्हिस चार्ज काढलात तरी पोरांना मनाप्रमाणे द्या, आणि शक्यतो रोख. एकट्या वेटरच्या हातात देण्याआधी विचारा की इथे टिप बॉक्स आहे का. जिथे बॉक्स असतो तिथे पैसे सगळ्यांत वाटले जातात, भांडी घासणाऱ्या आणि टेबल पुसणाऱ्या पोरांपर्यंत जातात, त्यांच्यापर्यंत एरवी गिऱ्हाईक कधी पोचतच नाही. आणि निघताना कॅप्टनला नावाने हाक मारून "जेवण छान होतं" एवढं म्हणा, पुढच्या वेळी तोच कोपरा तुम्हाला फोनवर मिळेल.

मासुंदा
दादा, तव्यावरची चपाती चालेल म्हणाली ती, आत्ताच विचारलं. शुक्रवारी दुपारी कॅप्टनला फोन करते, आणि किचनची लास्ट ऑर्डर किती वाजता तेही विचारून घेते, खारघरवाल्याला शेवटची लोकल गाठायचीय.